इंटरनेटच्या काळात लहान उद्योगाने ‘नाव’ घडवण्यावर पैसा घालावा का?

रामबागकर

नमस्कार मंडळी. इंदूरच्या रामबागेत आमच्या घराचा मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि पोह्यांचा चिवडा यांचा व्यवसाय तीन पिढ्यांपासून चालत आला आहे. माल आजही बहुतांशी साध्या पिशवीतून वजनावर जातो. पिशवीवर नाव नसते आणि आजवर त्याची गरजही पडली नाही, कारण घेणारा आम्हाला ओळखत असे आणि आम्ही त्याला. आता मात्र इंदूर सोडून पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे नोकरीसाठी गेलेली मुले व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी कळवतात. त्यांच्या शेजाऱ्यांना चव आवडते, परंतु त्या शेजाऱ्यांनी आम्हाला शोधावे कसे, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

घरात थोडी रक्कम बाजूला पडली आहे. त्यातून भाजणीसाठी मोठे यंत्र घ्यावे असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे, तर पुढच्या पिढीला ती नाव, वेष्टन, संकेतस्थळ आणि नोंदणी यांवर खर्च करायची आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. दुकानात येणारा माणूस मेतकूट हुंगून पाहतो, चिवड्याचा दाणा तोंडात टाकतो आणि मग ठरवतो. पडद्यावर पाहणाऱ्याला यांतले काहीच करता येत नाही. चवीच्या आधी त्याच्यापुढे नाव येते आणि त्या नावावर विश्वास बसला तरच तो पैसे मोजतो. म्हणून इंटरनेटमुळे नावाची किंमत वाढली आहे, असे मला मनापासून वाटते. आपल्यापैकी ज्यांनी व्यवसाय केला आहे, किंवा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी सविस्तर लिहावे. विरोधी मत असेल तर ते अधिक हवे आहे.

सियागंजकर

विरोधी मत मागितले आहे म्हणून स्पष्ट लिहितो. सियागंजात आयुष्य गेले. तिथे ठोक व्यापार वानगीवर, म्हणजे मालाच्या नमुन्यावर, आणि व्यापाऱ्याची पत पाहून चालतो. हळदीची वानगी हातात घ्यावी, चोळून रंग पाहावा, वास घ्यावा, भाव ठरवावा. पोत्यावर कोणाचे चित्र छापले आहे हे कोणी विचारत नाही. ज्याचा माल वानगीबरहुकूम उतरतो त्याला पुढच्या खेपेस उधारी मिळते आणि ज्याचा उतरत नाही त्याचे तोंडही कोणी पाहत नाही.

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी पाकिटे मी भरपूर पाहिली आहेत. चकचकीत वेष्टन, आत शिळ्या तेलाचा वास. तुमचे वडीलधारे योग्य सांगत आहेत. यंत्र घ्या, भाजणी एकसारखी भाजली जाऊ द्या. चार पैसे मालात घातलेले कधी वाया जात नाहीत.

शिप्राकाठ

सियागंजकर आणि रामबागकर एकाच गोष्टीच्या दोन बाजू सांगत आहेत, असे अर्थशास्त्र शिकवणारी व्यक्ती म्हणून मला वाटते. वानगी हाताळता येते तिथे नावावाचून काम भागते. वानगी हाताळता येत नाही तिथे काय होते, याचे विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केले होते. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी प्रतीचाच भाव देऊ करतो, त्या भावात चांगला माल विकणाऱ्याला परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो, आणि उरतो तो कमअस्सल माल. या कोंडीतून सुटण्याच्या मार्गांत त्यांनी हमीपत्राबरोबर कंपनीच्या नावाचाही उल्लेख केला होता. माल खराब निघाला तर त्या नावाचाच पुढचा माल गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून नाव हे विक्रेत्याने ठेवलेले तारण ठरते. या कामासाठी अ‍ॅकरलॉफ यांना २००१ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांसह नोबेल मिळाले.

परंतु रामबागकरांच्या निष्कर्षाला एक मोठा अपवाद आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असलेले मायकल लुका यांनी सिएटलमधील उपाहारगृहांचे उत्पन्न आणि येल्प या संकेतस्थळावर ग्राहकांनी दिलेले तारे यांची सांगड घालून २०११ मध्ये एक अभ्यास मांडला. एक तारा वाढला की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. हा परिणाम स्वतंत्र, लहान उपाहारगृहांतच दिसला, नामांकित साखळ्यांवर ताऱ्यांचा परिणाम झाला नाही, आणि जिथे येल्पचा वापर वाढला तिथे साखळ्यांचा बाजारातील वाटा घटला. म्हणजे अनोळखी गिऱ्हाइकाला खात्री देण्याचे जे काम पूर्वी मोठे नाव करत असे, त्याचा काही भाग आता इतर ग्राहकांचे अभिप्राय करू लागले आहेत. तेव्हा इंटरनेटने नावाची किंमत सर्वत्र वाढवली असे सरसकट म्हणता येत नाही. माझ्या मते इंटरनेटने आयत्या मोठेपणाची किंमत कमी केली आणि लहानांना नाव कमावण्याची संधी दिली.

जुनी इंदूर

मी तरी आधी तारे पाहते, मग वाईट अभिप्राय वाचते, नाव सर्वांत शेवटी. शिप्राकाठ यांनी लिहिलेले अगदी पटले.

कान्हतीर

जाहिरातींच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून या चर्चेत होणारी एक गल्लत दूर करावीशी वाटते. जाहिरात आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लहान उद्योजक पैसे घालवतात ते पहिलीवर, दुसरी समजून.

गूगलवर कोणी ‘घरगुती गोडा मसाला’ असे शोधले की वर दिसणाऱ्या जाहिरातींच्या जागेसाठी दर वेळी लिलाव होतो. आज तुम्ही पैसे भरले तर तुम्ही दिसता, उद्या थांबलात तर दुसरा दिसतो. ही भाड्याची जागा आहे. जितके जास्त विक्रेते येतील तितके भाडे चढत जाते आणि लहान माणसाचा नफा त्यातच संपतो. याउलट एखाद्याने थेट तुमचे नाव टंकून शोधले, तर तो तुमच्याकडेच यायला निघाला आहे. त्या क्षणी भाव, अंतर, इतर वीस पर्याय हे सारे त्याच्या दृष्टीने गौण असते. माझ्या ग्राहक-कंपन्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की महिन्यात किती जण तुमचे नाव घेऊन शोधतात आणि किती जण नुसती वस्तू शोधतात. या दोन आकड्यांचे प्रमाण कसे सरकते, त्यावरून नाव घडते आहे की केवळ पैसे जळत आहेत, हे कळते.

मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर तर हे अधिकच तीव्र होते. गिऱ्हाईक त्यांचे, गिऱ्हाइकाचा पत्ता त्यांच्यापाशी, कोणता माल वर दाखवायचा हे त्यांच्या हाती, आणि अनेक वस्तूंत त्यांचे स्वतःचे नाव लावलेला मालही शेजारीच मांडलेला असतो. तिथे ‘चिवडा, ५०० ग्रॅम’ एवढीच ओळख घेऊन उभे राहिलात तर तुमची स्पर्धा फक्त भावाशी आहे, आणि भावाच्या स्पर्धेत रामबागेतील स्वयंपाकघर जिंकू शकत नाही.

निमाडी लेक

माहेर महेश्वरचे, सासर इंदूरचे. हातमागाच्या माहेश्वरी साड्यांचा आमचा लहानसा व्यवसाय आहे, म्हणून नावाची किंमत मला फार जवळून ठाऊक आहे.

माहेश्वरी साडीची परंपरा अहिल्यादेवी होळकरांनी महेश्वरी वसवलेल्या विणकरांपर्यंत जाते. दोन्ही बाजूंनी नेसता येईल अशी तिची बुगडी किनार, पदरावरचे पट्टे, किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी नक्षीवरून उचललेल्या आकृती हे सर्व हाताने विणायला दिवस लागतात. साडीला भौगोलिक निर्देशांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालालाच ते नाव राखून ठेवणारी नोंदणी) मिळालेले आहे. तरीही इंटरनेटवर ‘माहेश्वरी’ म्हणून शोधून पाहा. यंत्रमागावर निघालेल्या, नुसती नक्षी छापलेल्या साड्या निम्म्याहून कमी भावात त्याच नावाने मांडलेल्या दिसतील. छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात, फरक हाताला कळतो.

त्यावर कडी म्हणजे आमच्या साड्यांची छायाचित्रे उचलून, आमच्या पेढीच्या नावात एक अक्षर वाढवून कोणीतरी एका सामाजिक माध्यमावर पान उघडले. लोकांनी पैसे भरले, त्यांच्या घरी भलताच माल पोचला आणि संतापाचे फोन आम्हाला आले. आम्ही त्या माध्यमाकडे तक्रार केली तेव्हा सुरुवातीला ठरावीक मजकुराची उत्तरे येत राहिली. व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) नोंदणीचे प्रमाणपत्र जोडून पुन्हा तक्रार केल्यावर ते पान बंद झाले. सियागंजकर काका, माल उत्तम होता, विणकर तेच होते, तरी बदनामी आमची झाली. मालात घातलेले पैसे वाया जात नाहीत हे खरे, पण ते दुसऱ्याच्या खिशात जाऊ शकतात.

सियागंजकर

निमाडी लेक, तुमचे वाचून वाईट वाटले. अशी लबाडी आमच्या बाजारात दुसऱ्या दिवशी उघडी पडली असती, कारण लबाडी करणाऱ्याला त्याच गल्लीतून चालावे लागते. इंटरनेटवर गल्लीच नाही, हे मान्य करतो. नोंदणीचा खर्च त्यामुळे समजू शकतो. मात्र रंगीत वेष्टनाला आणि संकेतस्थळाला माझा विरोध कायम आहे.

वकिली पेशा

नोंदणीचा विषय निघालाच आहे, तर थोडी नेमकी माहिती देतो. व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ चा, अमलात आला १५ सप्टेंबर २००३ पासून. मध्य प्रदेशातील अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाच्या कक्षेत येतात आणि ते ऑनलाइन भरता येतात. व्यक्ती, नवउद्योग किंवा लघुउद्योग यांच्यासाठी २०१७ च्या नियमांनुसार ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गास (मालाच्या वा सेवेच्या प्रकारास) ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले, पिठे, भाजणी हे ३०व्या वर्गात येतात, तर बटाट्याचे वेफर्स २९व्या वर्गात, तेव्हा पुढे काय काय विकायचे आहे याचा विचार अर्जाच्या आधीच करावा. अर्ज स्वीकारला गेला की तो व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होतो. त्यानंतर चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढवता येते.

जुन्या घराण्यांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आधीपासूनचा वापर. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या प्रसिद्ध मिठाईच्या नावावरून वाद झाला. अंधुक उजेडात चालणारे ते जुने दुकान, लोकांनीच त्याला पाडलेले ते नाव. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की नाव आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्याच्या हक्काहून वरचढ असतो. रामबागकरांना यात दिलासा आहे आणि इशाराही. हक्क वापरातून निर्माण होतो, पण तो वापर सिद्ध करावा लागतो, आणि बिनानावाच्या पिशवीतून विकलेला माल कोणत्याच नावाचा पुरावा ठरत नाही.

संकेतस्थळाच्या नावाबाबत भारतीय न्यायालये फार लवकर जागी झाली. याहूच्या नावाला ‘इंडिया’ जोडून उघडलेल्या संकेतस्थळाला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ या नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे म्हटले. तरीही न्यायालयात जाण्यापेक्षा वर्षाकाठी थोडे पैसे भरून नाव आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

जुनी इंदूर

मग ‘इंदुरी’ या नावाचे काय? देशभर ‘इंदुरी पोहे’ आणि ‘इंदुरी शेव’ विकली जाते. त्यांतल्या कितींनी छप्पन दुकानाचे वा सराफ्याचे, म्हणजे आपल्या खाऊगल्ल्यांचे, तोंड पाहिले असेल?

वकिली पेशा

‘इंदुरी’ हा शब्द स्थळ दर्शवतो, त्यामुळे कायद्याच्या ९व्या कलमानुसार नुसत्या त्या शब्दावर एका व्यापाऱ्याला मक्तेदारी सहसा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. अशा सामायिक नावासाठी भौगोलिक निर्देशांकनाचा वेगळा कायदा आहे. शेजारच्या रतलामी शेवेला ते मिळालेले आहे, इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांनाही आहे. निर्देशांकन कोणा एकाच्या मालकीचे नसते, त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे असते. त्यासाठी उत्पादकांच्या संघटनेने पुढाकार घ्यावा लागतो आणि मिळाल्यावर नकलांचा पाठलागही करावा लागतो. निमाडी लेक यांनी लिहिलेली स्थिती त्या दुसऱ्या कामात आपण कमी पडत असल्याचे दाखवते.

रामबागकरांनी मात्र आपले नाव ‘इंदुरी अमुक’, ‘मराठी तमुक’ असे वर्णनात्मक ठेवू नये. वस्तूचे वर्णन करणारे नाव लोकांना पटकन कळते, पण ते राखता येत नाही.

बडोद्याहून

इंदूरच्या मंडळींत बडोद्याचा माणूस घुसतो आहे, क्षमस्व. आमच्याकडे गुजरातीत म्हणतात, ‘बोले तेना बोर वेचाय’, जो ओरडतो त्याचीच बोरे विकली जातात. सियागंजकरांचा राग या ओरडण्यावर आहे आणि तो मला समजतो. परंतु आमच्याजवळच्या आणंदचे उदाहरण पाहावे. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा संघ १९४६ चा, गुजरातभरच्या संघांचा विक्री महासंघ १९७३ चा. आज सुमारे ३६ लाख दूध उत्पादक ‘अमूल’ या एकाच नावाखाली उभे आहेत. यांतील एकेकट्या शेतकऱ्याचे दूध बाजारात निनावीच राहिले असते आणि दलालाने सांगितलेला भाव घ्यावा लागला असता. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी १९६६ पासून जाहिरातीत आहे आणि तिचे रूप जवळजवळ बदललेले नाही. फलकावरून ती पडद्यावर आली, रोजच्या बातमीवर बोलू लागली, पण लोणी तेच राहिले. मजबूत नाव म्हणजे मोठ्या कंपन्यांची चैन, हा समज अमूलने खोटा ठरवला आहे. तिथे नावाचे मालक म्हशी सांभाळणारे लोक आहेत.

माळवी माती

बडोद्याहून आलेल्या पाहुण्यांचे स्वागत. रूप न बदलण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २००९ च्या जानेवारीत पेप्सिको कंपनीने अमेरिकेत ट्रॉपिकाना संत्रारसाचे खोके बदलले. संत्र्यात खोचलेल्या नळीचे जुने चित्र काढून रसाचा पेला आणला. रस तोच होता. तरीही दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला जुने खोके परत आणावे लागले. लोक फळीवर नाव वाचत नव्हते, ते चित्र ओळखून हात पुढे करत होते. आज मोबाइलच्या पडद्यावर तेच चित्र नखाएवढे होते. म्हणून रामबागकर, वेष्टन एकदाच नीट विचार करून करा, साधे करा, आणि मग वर्षानुवर्षे त्याला हात लावू नका. नक्षीदार अक्षरे आणि चार रंग लहान पडद्यावर वाचता येत नाहीत.

आपल्या शहराचेच पाहा. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसावे होते, २०१७ मध्ये पहिले आले आणि २०२३ पर्यंत सलग पहिले राहिले. दारोदार फिरणाऱ्या गाड्या, घरातच वेगळा होणारा कचरा, पहाटे रस्ते झाडणारे कर्मचारी हे आधी घडले, घोषवाक्ये आणि गाणी त्याच्या जोडीने आली. आता बाहेरगावचा पाहुणा रस्त्यावर एक कागद पडलेला दिसला तरी बोलून दाखवतो. नाव मोठे झाले की लोकांच्या अपेक्षाही त्याच मापाने वाढतात, आणि उद्योगालाही हे ओझे पेलावे लागते.

सियागंजकर

माळवी माती, तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. आधी झाडू, मग घोषवाक्य.

शिप्राकाठ

काका, क्रमाबद्दल आपल्यात वाद नाहीच. पण संकटाच्या वेळी नाव काय करते, तेही पाहायला हवे. जून २०१५ मध्ये मॅगी नूडल्समध्ये शिसे प्रमाणाबाहेर असल्याच्या कारणावरून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने विक्री थांबवण्याचा आदेश दिला. कंपनीने तीस हजार टनांहून अधिक माल परत घेऊन नष्ट केला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, नव्याने तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा बाजारात आला. गिऱ्हाईकही परतले. एखाद्या अनोळखी नावावर असा आघात झाला असता तर ते पुन्हा उभे राहणे कठीण होते, कारण त्याची वाट पाहणारे कोणी नसते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इंटरनेटवर तक्रार पसरायला तास लागतात, खुलासा पसरायला आठवडे. त्या मधल्या काळात पूर्वी जमवलेला विश्वासच कामी येतो.

आणि जुनी इंदूर, तुमच्या ताऱ्यांविषयी एक सावधगिरी. तारे विकत मिळू लागले, म्हणून भारतीय मानक ब्यूरोला नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणावे लागले, आणि ते ऐच्छिक आहे. पैसे घेऊन वस्तूची भलामण करणाऱ्यांनी तसे उघड सांगावे, असे २०२२ ची ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बजावतात. अभिप्रायांवरचा विश्वास जसजसा डळमळेल, तसतसा ओळखीच्या नावाचा आधार पुन्हा वाटू लागेल, असा माझा अंदाज आहे. लुका यांच्या अभ्यासानंतर परिस्थिती याच दिशेने सरकली आहे.

लोकमान्यनगर

इतका वेळ विकणारे बोलले, आता घेणारीचे ऐका. मी मुलीसाठी आणि नातवंडांसाठी मसाले मागवते. मला पाकिटावर चार गोष्टी हव्या असतात. माल केव्हा तयार झाला, वजन किती, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, आणि उचलला जाणारा फोन. चौदा अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक दिसला की अधिक बरे वाटते. एकदा एका नव्या नावाच्या पाकिटातील मेतकूट कडवट निघाले. फोन केला, त्या बाईंनी डाळ जास्त भाजली गेल्याचे सांगितले, न मागता दुसरे पाकीट पाठवले आणि त्या घाण्यातील इतर गिऱ्हाइकांनाही कळवले. तेव्हापासून आमच्याकडे दुसरे मेतकूट आलेले नाही आणि माझ्या भिशीतील निम्म्या घरांतही तेच येते. त्यांचे वेष्टन कसे आहे ते विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही, पण नाव मात्र पाठ आहे.

कान्हतीर

लोकमान्यनगर ताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या कार्यालयात वाचून दाखवणार आहे. तुमच्या भिशीचे काम कोणतीही जाहिरात करू शकत नाही. मी फक्त एवढीच भर घालतो की भिशीतील त्या घरांना ते नाव माहीत होते म्हणून मागवता आले. रामबागकरांच्या बंगळूरच्या गिऱ्हाइकांच्या शेजाऱ्यांची अडचण नेमकी तीच आहे.

एक इशारा. नाव थोडे चालू लागले की प्रतिस्पर्धी तुमच्याच नावाच्या शोधावर आपली जाहिरात लावू शकतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलसंबंधीच्या प्रकरणात म्हटले की दुसऱ्याचे व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरणे एवढ्यानेच उल्लंघन होत नाही, ग्राहकाची फसगत होत असेल तर मात्र होते आणि तेव्हा गूगललाही हात झटकता येणार नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा स्वतःच्या नावाचा शोध घेऊन पाहायची सवय लावा.

रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा घरात सर्वांनी मिळून वाचला. शिप्राकाठ यांच्या प्रतिसादाने माझ्या मूळ मताला मुरड घातली आणि लोकमान्यनगर ताईंच्या प्रतिसादाने वडीलधाऱ्यांच्या. रकमेचे दोन भाग करायचे ठरले आहे. मोठा भाग यंत्रासाठी, कारण दर घाण्याची भाजणी एकसारखी उतरली नाही तर नावाला अर्थ राहणार नाही. ते यंत्र मूळ विचारापेक्षा लहान असेल. उरलेल्या भागातून नावाची नोंदणी, संकेतस्थळाचे नाव आणि साधे दोनरंगी वेष्टन होईल. जाहिरातीवर यंदा काहीही खर्च करणार नाही, आणि मोठ्या विक्री-संकेतस्थळांवरही आताच जाणार नाही. फोनसाठी मात्र घरातील एक व्यक्ती ठरवून दिली आहे.

वकिली पेशा, दोन शंका उरल्या आहेत. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत वेगवेगळे नोंदवावे लागते का? आणि चिन्ह (लोगो) एका ओळखीच्या चित्रकाराकडून काढून घेत आहोत, त्याचे काही करावे लागते का?

वकिली पेशा

पहिल्या शंकेविषयी. नावे एकमेकांसारखी आहेत की नाहीत हे ठरवताना रूपाबरोबर उच्चारही पाहिला जातो, त्यामुळे एका लिपीतील शब्दाच्या नोंदणीने दुसऱ्या लिपीतील तशाच उच्चाराच्या नावालाही बऱ्याच अंशी अडवता येते. तरीही पाकिटावर देवनागरी अक्षरे ठळक असतील तर ज्या रूपात नाव प्रत्यक्ष वापरणार आहात त्या रूपाचा अर्ज अवश्य करावा, सोबत रोमन लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो. पैसे पुरत असतील तर दोन अर्ज, नसतील तर आधी शब्दाचा अर्ज. रोमन स्पेलिंग मात्र आताच एक ठरवून टाका आणि पाकीट, बिल, संकेतस्थळ, यूपीआयची पाटी या सर्वांवर तेच ठेवा, कारण आपली मराठी नावे लोक चार प्रकारे टंकतात. देवनागरीतील ‘.भारत’ हे संकेतस्थळाचे क्षेत्र २०१४ पासून उपलब्ध आहे, तिथेही नाव घेऊन ठेवता येईल.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे आणि ती वेळीच विचारलीत हे फार चांगले झाले. पैसे देऊन काढून घेतले म्हणून चित्र आपोआप तुमचे होत नाही. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराने काढलेल्या चिन्हाचा प्रताधिकार (कॉपीराइट) वेगळा करार नसेल तर सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. हक्क हस्तांतरित केल्याचा लेखी, सही केलेला कागद चिन्ह हाती घेतानाच करून घ्या. त्यात सर्व माध्यमांतील वापर, कायमची मुदत आणि संपूर्ण जगभराचे क्षेत्र हे तिन्ही उल्लेख स्पष्ट असू द्या, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षेच धरतो आणि क्षेत्र लिहिले नाही तर भारतापुरतेच.

नोंदणी पूर्ण होईपर्यंत नावाशेजारी ‘टीएम’ लिहायला हरकत नाही. वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय छापू नका, ते दंडनीय आहे. छापखान्याला पाकिटांची पहिली मागणी त्या हिशेबाने लहानच द्या.

सियागंजकर

रामबागकर, हळद आणि धणे पुढच्या आठवड्यात माझ्याकडून वानगी पाहून घेऊन जा. मसाला वर्षभर एकाच चवीचा हवा असेल तर कच्चा माल एकाच प्रतीचा लागेल, त्यासाठी हंगामातच साठा करावा लागतो. भाव बसून ठरवू.